सात चाळीसचा फोन

मी घरी आले की माझे वडील आजारी पडतात. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते कंपनीतले माझे वरिष्ठ देवस्थळी सर यांच्याशी फोनवर बोलताना, आणि ते हसले. हसू येण्यासारखंच आहे ते. पण पुढे त्याच वाक्यात चार हजार माणसांचे श्वास अडकलेले निघाले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

नोव्हेंबरात मी पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून साताऱ्याला आले. कंपनीने कायमचं घरून काम करायची परवानगी दिली होती. ती मिळवायला मला सहा वर्षं लागली, म्हणजे आई गेल्यापासूनची सगळी. अण्णांनी माझ्यासाठी वरची खोली रिकामी केली होती, खिडकीला नवी जाळी बसवली होती आणि टेबल कुठे ठेवायचं यावर दोन दिवस विचार करून भिंतीवर पेन्सिलीने खूण केली होती. "उजेड डावीकडनं येईल," एवढंच म्हणाले. त्यांचं प्रेम असंच असतं, सेंटिमीटरमध्ये.

अण्णा म्हणजे हणमंत शिंगटे, हवामानखात्यातले निवृत्त निरीक्षक. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, या दोन वेळा त्यांनी अडतीस वर्षं चुकवल्या नाहीत. घरात लग्न असो की मयत, तापमापक वाचून झाल्याशिवाय ते हलत नसत. निवृत्तीनंतर त्यांनी परसात स्वतःची, तापमापक ठेवायची झडपांची पांढरी पेटी आणि पर्जन्यमापक उभा केला, आणि रजिस्टर पुढे चालू ठेवलं. ऋतुजा हे माझं नावसुद्धा त्या नोकरीचंच देणं आहे. चहा, चार भिंतींच्या टेकडीचा चढ, पेपर, जेवण, सगळं मिनिटावर. आई म्हणायची, ह्या माणसाशी लग्न झालं आणि घरात घड्याळ लागेनासं झालं.

मी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी अण्णा जिन्यात मध्येच थांबले. चौथ्या दिवशी घोटे सुजले. पाचव्या दिवशी शेजारच्या सिंधूकाकू मेथीची जुडी द्यायला आल्या, त्यांनी आधी अण्णांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"पोरी, राग मानू नगंस," त्या म्हणाल्या, "पर तुजा पायगुण काय बरा न्हाई. गेल्या गणपतीला आलीस तवाबी असंच झालं. तू गेलीस आन दोन दिसांत ह्ये टेकडी चढाय लागलं."

मी हसण्यावारी नेलं. पण काकू खोटं बोलत नव्हत्या, हे मलाही ठाऊक होतं. गणपतीला तसंच झालं होतं, आणि त्याआधीच्या मे महिन्यातही.

अण्णांच्या छातीत टेकू आहे. हे नाव त्यांनीच दिलेलं. कागदोपत्री तो हृदयाचा सहायक पंप: लिंबाएवढा, हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेला, थकलेल्या हृदयातून रक्त ओढून पुढे ढकलणारा. चार वर्षांपूर्वी तो बसवला, तेव्हा डॉक्टर गुजरांनी फार तर दोन पायऱ्या चढाल असं सांगितलं होतं. सहा महिन्यांत अण्णा चार भिंतींपर्यंत चढून गेले. असा गुण दुसऱ्या कोणाला आलेला डॉक्टरांनी बघितला नव्हता. मला अभिमान वाटला, कारण तो पंप आमच्याच कंपनीचा होता.

नवलाची गोष्ट पंपात नाही, त्याला चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. जुने पंप एकाच वेगाने फिरत. हा शिकतो. माणूस चढ चढतो आहे, जेवतो आहे की झोपला आहे, हे नाडीवरून ओळखून तो वेग ठरवतो. शिकताना त्याला शाबासकी मिळते ती दोन गोष्टींसाठी. प्रयोगशाळेत असताना रक्त नीट वाहिलं तर, आणि माणसाच्या शरीरात गेल्यावर बॅटरी जास्त टिकली तर. शरीरात गेल्यावर रक्त नेमकं किती वाहतं हे रोज बाहेरून कोणी मोजत नाही. पंप स्वतः जो आकडा कळवतो तोच आम्ही खरा धरतो. आता यात फट कुठे आहे हे कोणालाही दिसेल. आम्हाला दिसली नाही, कारण आम्ही फार हुशार होतो.

माझं काम त्या फटीच्या अगदी शेजारचं. प्रयोगशाळेत प्रोग्रॅमला खरा पंप देत नाहीत. एका मोठ्या संगणकाच्या पोटात खोटा, लहान संगणक तयार करतात, ज्याला आभासी यंत्र म्हणतात, आणि त्याला खोटं शरीर जोडतात. प्रोग्रॅमला वाटायला हवं की आपण कोणाच्या तरी छातीत आहोत. पण प्रोग्रॅम ओळखतात. चिपला तिचं नाव विचारायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. खरी चिप चटकन सांगते. आभासी यंत्रात तो प्रश्न वाटेतच दुसरा प्रोग्रॅम अडवतो आणि चिपच्या वतीने उत्तर देतो. त्यात सेकंदाचा काही लाखावा भाग जास्त जातो, तेवढं पुरतं. कधी डिस्कच्या क्रमांकात बनवणाऱ्याचं नाव राहून गेलेलं असतं, कधी घड्याळ मध्येच उडी मारतं. आपण आभासी यंत्रात आहोत एवढंच नव्हे, तर ते कोणत्या प्रकारचं आहे हेसुद्धा कळतं. संगणकाचे विषाणू लिहिणारे हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. तपासनिसाच्या पिंजऱ्यात आहोत असं दिसलं की विषाणू साळसूदपणे पडून राहतो आणि बाहेर सुटला की दात दाखवतो. शाळेत साहेब तपासणीला यायचे असले की फळा पुसून सुविचार लिहिला जातो, तसलाच प्रकार. पिंजऱ्यातल्याला पिंजरा दिसू नये, हे माझं काम. बारा वर्षं मी असल्या खुणा शोधून बुजवत आले, आणि त्या कामात माझं नाव होतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी अण्णांना म्हटलं, "हे पाय कधीपासून सुजतात?"

"असंच. अधूनमधून," ते म्हणाले आणि साडेआठ वाजल्याचं निमित्त करून परसात गेले. रजिस्टर मात्र टेबलावरच राहिलं.

मी ते उघडलं. कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस, वारा, आणि शस्त्रक्रियेनंतर वाढवलेले तीन नवे रकाने: वजन, नाडी, दम. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात मे महिन्यात लिहिलं होतं, "ऋ. आली." पुढच्या चार ओळींत वजन पाऊण-पाऊण किलोने चढत गेलेलं आणि दमाच्या रकान्यात "थोडा", "मध्यम", "बराच". मग "ऋ. गेली." आणि वजन खाली. गणपतीत तेच. आदल्या दिवाळीत तेच. चार वर्षांत नऊ वेळा मी घरी आले होते आणि नऊही वेळा ओळी तशाच होत्या. शेवटच्या पानावर पाच दिवसांपूर्वीची नोंद होती, "ऋ. आली. राहणार."

अण्णा आत आले. माझ्या हातात रजिस्टर बघून दारातच थांबले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"नोंद आहे. माहीत आहे असं नाही. का होतं ते कुठं माहीत होतं?"

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी पेन खिशाला लावलं. "सांगितलं असतं तर आली असतीस का?"

मला राग आला, लाज वाटली आणि रडू आलं, सगळं एकदमच. ते मात्र शांतपणे माझ्या हातून रजिस्टर घेऊन किमान तापमान लिहायला बसले.

रडणं झाल्यावर डोकं चालायला लागलं. मी घरी असते तेव्हा काय बदलतं? मीठ वाढतं का? नाही, स्वयंपाक अण्णाच करतात. झोप? तेवढीच. चढ, पेपर, चहा, सगळं जागच्या जागी. मी असताना नसते अशी एकच गोष्ट सापडली, माझा फोन. पंधरा वर्षं मी रोज संध्याकाळी सात चाळीसला कंपनीच्या बसमधून, सुट्टीच्या दिवशी खोलीवरून, घरी फोन करत आले. आधी आईला, मग अण्णांना. जेवलात का, गोळी घेतली का, कधी येतेस, बघते. पाच-सात मिनिटांचा फोन. घरी असल्यावर साहजिकच नाही.

आणि मग मला ती फाइल आठवली.

बारा वर्षांपूर्वी मी या कामात नवी होते. खोटं शरीर तयार करायला खऱ्या माणसाची महिनाभराची नाडी हवी होती, अखंड, स्वच्छ, वेळच्या वेळी नोंदलेली. अशी नोंद देणारा माणूस कुठे मिळणार? मी म्हटलं, माझे वडील. त्यांच्याइतका नियमित माणूस महाराष्ट्रात नसेल. अण्णांनी तीस दिवस छातीला पट्टा बांधला. त्या नोंदीतून आम्ही बारा आभासी रुग्ण तयार केले. कोणाचं वय वाढवलं, कोणाला मधुमेह दिला, कोणाला बाई केलं. दिवसाचा सांगाडा सगळ्यांचा एकच राहिला. नंतर प्रोग्रॅमच्या सगळ्या पिढ्या त्याच बाराजणांवर शिकल्या, आणि तो सांगाडा कोणाचा आहे हे कंपनीत सगळे विसरून गेले. मीसुद्धा.

मी फाइल उघडली. रोज संध्याकाळी साडेसातला नाडी चढू लागते, दहा-पंधरा ठोक्यांनी. सात पन्नासपर्यंत उतरते. दररोज. त्या उंचवट्यावर माझ्याच अक्षरांत शेरा होता, "संध्याकाळची किरकोळ हालचाल." बाराही रुग्णांना ती किरकोळ हालचाल मी वारसाहक्काने दिली होती. बाहेरच्या जगात, एक अण्णा सोडले तर, कोणाच्याही शरीरात तसं रोज होत नाही. चिपच्या उत्तराला लागणारा वेळ मी लपवला, घड्याळ सुधारलं, डिस्कचं नाव बदललं, आणि पिंजऱ्याची सगळ्यांत मोठी खूण माझ्या घरून आणून आत ठेवली. प्रोग्रॅम शिकला: रोज सात चाळीसचा उंचवटा दिसला म्हणजे ही प्रयोगशाळा, इथे रक्त नीट वाहू द्यायचं. नाही दिसला म्हणजे बाहेरचं जग, इथे हात आखडून बॅटरी वाचवायची. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने आपलं आपण ताडलं होतं.

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट होती. दिवस तीस नव्हते, अठ्ठावीसच होते. दोन दिवस मी काढून टाकले होते. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "संशोधक स्वतः घरी उपस्थित. नोंद सदोष." त्या शनिवार-रविवारी मी साताऱ्याला आले होते, आणि मी आल्याने अण्णांचा दिवस बिघडला असेल म्हणून मी ते दोन दिवस पुसून टाकले. तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

देवस्थळी सर माणूस वाईट नाही. मी फोनवर सगळं सांगितल्यावर आधी ते हसले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"ऋतुजा, आम्ही तो उंचवटा काढून बाराही रुग्ण पुन्हा चालवले. पंप उत्तम चालतो."

"सर, तिथे तो उत्तमच चालणार. लॅबमध्ये अजून कितीतरी खुणा असतील. आपल्याला माहीत असत्या तर बुजवल्या असत्या ना? एक काढली म्हणून काय होतं? अण्णांच्या छातीत खरी चिप आहे. तिथे लॅबची खूण एकच."

"मग बाहेरच्या रुग्णांची मोजमापं घेऊ."

"घ्या. रक्त कमी वाहताना दिसेल."

"आणि डॉक्टर म्हणतील, म्हातारी माणसं आहेत, गरजच कमी असेल. एवढ्यावर मी बसवलेल्या चार हजार पंपांवर बोट ठेवू शकत नाही." सर म्हणाले. "एकाच शरीरात दोन्ही वागणुकी दाखव. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. तू घरी असलीस की शंभर गोष्टी बदलतात."

फोन स्पीकरवर होता. अण्णा शेंगा फोडत बसले होते. "साहेब बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "जागा बदलली आणि तापमापकही बदलला, तर कशामुळं फरक पडला ते कसं कळणार?"

"अण्णा, पंप आखडला तर तुम्हाला त्रास होईल."

"होतोयच की. आत्ता होतोय." त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली. "त्या चार हजारांना काय झालंय ते तरी कळतंय का? वय झालं म्हणून गप बसली असतील बिचारी. करू या नोंद."

डॉक्टर गुजरांनी मानेवर लावायची एक पट्टी दिली. ध्वनिलहरींनी ती रक्ताचा वेग बाहेरूनच मोजते आणि त्यावरून शरीरात एकूण किती रक्त वाहतं ते काढते, टेकूला तिचा पत्ता नसतो. मी साताऱ्यातच पोवई नाक्यावरच्या लॉजमध्ये राहायला गेले. पहिले चार दिवस नेहमीसारखा सात चाळीसला फोन केला. अण्णांच्या मानेवरचा आकडा माझ्या स्क्रीनवर दिसत होता: मिनिटाला तीन पूर्णांक दोन लिटर होता, तो पहिल्याच संध्याकाळनंतर चार पूर्णांक आठवर गेला. सूज उतरली. चौथ्या दिवशी ते टेकडीवर जाऊन आले.

पाचव्या दिवशी मी सांगितलं, "अण्णा, आजपासून तीन दिवस फोन करणार नाही. बाकी सगळं होतं तसं ठेवा."

"ठीक," ते म्हणाले.

सात चाळीस झाले. मी लॉजच्या कॉटवर फोन उलटा घालून बसले. पंधरा वर्षांची सवय हातातून जात नाही, बोटं आपोआप वळत होती. आठ वाजले. आकडा चार पूर्णांक आठ. दुसऱ्या संध्याकाळी चार पूर्णांक आठ. तिसऱ्या संध्याकाळीही तेच. टेकू मजेत चालत होता.

"तुझा तर्क चुकला," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती आणि ती त्यांनी लपवली नाही. "वाईट वाटून घेऊ नकोस. वडिलांकडे राहा, त्यांच्या तब्येतीची कारणं डॉक्टरांना शोधू दे."

मी त्या आकड्याकडेच बघत बसले होते म्हणून चुकले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाडीची रेघ उघडली. साडेसातला ती चढली होती. फोन न करताही. पहिल्या दिवशी आठपर्यंत चढलेली, दुसऱ्या दिवशी सव्वाआठपर्यंत, तिसऱ्या दिवशी जवळजवळ नऊपर्यंत. मी फोन करणार नाही हे मीच त्यांना सांगितलं होतं, तरीही.

मी अण्णांना फोन लावला. "साडेसातला तुम्ही काय करता?"

"काही नाही. बसतो."

"कुठे?"

"फोनपाशी."

"आई होती तेव्हासुद्धा?"

"बोलायची ती. मी ऐकायचो."

मला वाटायचं अण्णांना फोनवर बोलायचा कंटाळा आहे. आई म्हणायची, "हे इथंच बसलेत, देऊ का?" आणि मी म्हणायचे, "राहू दे, बसला आवाज फार आहे." उंचवटा फोनचा नव्हताच. वाट बघण्याचा होता. बाराही आभासी रुग्ण, त्यांतली बाईसुद्धा, प्रयोगशाळेतल्या त्या संगणकात बारा वर्षं रोज संध्याकाळी माझी वाट बघत होते. आणि ती खूण काढायची असेल तर अण्णांनी वाट बघायचं थांबवायला हवं होतं. ते त्यांच्या हातात नव्हतं. माझ्या हातात होतं.

मी त्या संध्याकाळी सव्वासातला घरी पोचले. बाकी काहीही बदललं नाही. जेवले नाही, पाणीही प्याले नाही, कशाला हात लावला नाही. फोन ठेवायच्या खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. एकीत अण्णा होते, दुसरीत, आईच्या खुर्चीत, मी बसले. स्वयंपाकघरात सिंधूकाकू होत्या. गाडी दारात उभी होती आणि डॉक्टरांना सांगून ठेवलेलं होतं. अण्णांनी मांडीवर रजिस्टर घेतलं.

साडेसात झाले. नाडी अडुसष्ट. आम्ही टेबलाच्या जागेबद्दल बोललो, डावीकडून उजेड खरंच चांगला येतो म्हणून. सात चाळीस. अडुसष्ट. रेघ इतकी सरळ होती की मला ते बघवेना. अण्णा खुर्चीत मागे टेकून बसले होते. त्यांना असं टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, कारण घरी असले तरी त्या वेळी मी कधी इथे येऊन बसले नव्हते. मला एकदम वाटलं, हे सगळं बंद करावं, पट्टी काढून फेकावी आणि नुसतं इथे बसून राहावं.

सात त्रेपन्नला आकडा हलला. चार पूर्णांक पाच. चार. तीन पूर्णांक सहा. टेकूने आजूबाजूला बघितलं होतं आणि त्याची खात्री पटली होती. शिकवलेल्या जगात मुलगी कधी घरी आलीच नव्हती. ज्या जगात ती शेजारच्या खुर्चीत बसली आहे, ते प्रयोगशाळेबाहेरचं, तिथे कोणी बघत नाही. तीन पूर्णांक दोनवर तो थांबला.

अण्णांच्या कपाळावर घाम आला. हात गार पडले होते. मी उठायला लागले तर त्यांनी मान हलवली, घड्याळ बघितलं आणि लिहायला घेतलं. अक्षर जरा हललं, पण सुटं होतं. वेळ, नाडी, प्रवाह, आणि शेऱ्याच्या रकान्यात, "ऋ. घरी. दुसरा बदल नाही."

"घे," ते म्हणाले. "पाठव साहेबांना." दोन श्वास घेतले. "आता जा."

"मी अशी कशी जाऊ?"

"उद्या साडेसातला तू बाहेर पाहिजेस. नाहीतर हा असाच राहील." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "काकू आहेत. जा."

गेले. त्यांना तसं धापा टाकत सोडून, गाडीत बसून, पोवई नाक्यावर गेले. तेवीस तास त्या लॉजच्या खोलीत मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला रेघ चढली, आणि सात पन्नासला आकडा चार पूर्णांक आठवर आला.

देवस्थळी सरांनी कागद बघितले आणि या वेळी काही विचारलं नाही. त्यानंतर जे व्हायला हवं होतं ते झालं, आणि जितक्या हळू व्हायला नको होतं तितक्या हळू. प्रोग्रॅम नव्याने शिकवावा लागणार, नव्या माणसांवर, आणि या खेपेला कोणाचे दिवस पुसायचे नाहीत. तोपर्यंत प्रत्येक रुग्णाला दवाखान्यात बोलवून, आठवडाभर देखरेखीखाली ठेवून पंप ठरावीक वेगावर बांधायचा. खाटा थोड्या, माणसं चार हजार. ज्यांचा पंप हात आखडतो ती आधी. यादी करायचं काम मी मागून घेतलं. अण्णांचं नाव कुठे घालायचं हे मी त्यांना विचारलं.

"माझा चालतोय ना?"

"चालतोय. पण..."

"मग शेवटी घाल."

म्हणजे साधारण वर्षभर. तेवढे दिवस त्यांच्या पंपाला रोज फसवायचं, आणि फसवायचा मार्ग एकच.

आता मी साताऱ्याला घरीच राहते. वरच्या खोलीत टेबल आहे, उजेड डावीकडून येतो. दुपारी आम्ही एकत्र जेवतो. संध्याकाळी सातला मी चपला घालते आणि बाहेर पडते. पाऊस असो, ताप असो, पाहुणे असोत. पहिल्या दिवशी मला धास्ती होती की मी नाक्यावर बसले आहे हे माहीत असताना त्यांची नाडी कशाला चढेल. "तू फाटक लावलंस की सुरू होतं," अण्णा म्हणाले. "अडतीस वर्षं घड्याळाकडं बघत बसायचीच नोकरी केली, जमतंय." खरंच साडेसातला रेघ चढली. मी नाक्यावरच्या बाकावर विजेवरच्या एसट्या जाता-येता बघत बसते. माझ्या वडिलांना दिवसातून वीस मिनिटं माझ्यावाचून करमता कामा नये, म्हणून मी तिथे बसते. एखाद्या दिवशी मनात येतं की नको, आज राहू या घरी, एक दिवसाने काय होणार. मग त्यांचे गार पडलेले हात आठवतात.

सात चाळीसला मी फोन लावते. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला जातो.

"जेवलात का?"

"बसतोय आता."

"गोळी?"

"घेतली." मग, इतकी वर्षं विचारलं तसंच, "कधी येतेस?"

"बघते," मी म्हणते. "सुट्टी मिळाली की येते."

तिकडून ते "बरं" म्हणतात. मी फोन ठेवते, सात पन्नास होऊ देते, आणि घरी जाते.